टॉवेल उलटा करून बघा

सोलापूरचा खरा टॉवेल ओळखायला दुकानदाराला विचारावं लागत नाही. टॉवेल उलटा करायचा. जकार्डवर, म्हणजे कार्डांनी नक्षी उतरवणाऱ्या मागावर, विणलेली नक्षी पाठीमागेही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. पुढे निळ्यावर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर निळा. छापलेल्या टॉवेलची पाठ कोरी असते. पूर्व भागातल्या, म्हणजे विणकर वस्तीतल्या, शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या क्रीडा समितीला ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

या लेखात 'मी' येणार नाही. प्रस्तुत लेखक बोधचिन्हं, वेष्टनं, संघांचे गणवेश असलं काही काढून पोट भरतो आणि या प्रकरणात तो अजून तापलेला आहे. तापलेल्या माणसाच्या लेखात 'मी' फार होतो, म्हणून त्याला तिऱ्हाईत करून टाकलेला बरा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदं भारताला मिळाली, दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. खो-खो पहिल्यांदाच झगमगत्या जर्सीत टीव्हीवर दिसला आणि गावोगावच्या क्रीडा समित्यांना आपल्या संघालाही 'ब्रँडिंग' हवं असं वाटू लागलं. सोलापुरातल्या या महाविद्यालयाने लेखकाला बोलावलं ते त्या लाटेत.

कल्पना मात्र समितीची नव्हती, मुलींची होती. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढच्या एकाही भाषणात ते आलं नाही. खो-खोच्या संघातल्या बऱ्याच मुली पूर्व भागातल्या. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. दरवर्षी वाघ-गरुड छापलेली तयार जर्सी घ्यायची, त्यापेक्षा आपल्या भागाला काम मिळेल असं काहीतरी करू, असं त्यांचं म्हणणं.

पूर्व भागाबद्दल सोलापूरकराला नव्याने काय सांगायचं? १८७७ ची जुनी गिरणी गेली, मग बाकीच्या गेल्या, यंत्रमाग उरले. सुती चादरीची जागा पॉलिस्टरच्या गुबगुबीत ब्लँकेटने घेतली. पानिपतहून 'सोलापुरी' चादर येऊ लागली आणि ती सोलापूरच्याच स्टँडवर विकली जाऊ लागली. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळालेला आहे. स्टँडवरच्या गिऱ्हाइकाला त्याचं सोयरसुतक नसतं.

चिन्ह सुचायला वेळ लागला नाही. खो-खोत पळणारा खेळाडू दोन खांबांमध्ये जसा जातो-येतो, तसा मागावरचा धोटा. धोटा हेच संघाचं चिन्ह ठरलं. नक्षीसाठी एका छोट्या कारखानदाराकडच्या जुन्या कार्डांतला मोर घेतला. हा कारखानदार म्हणजे मोजके माग, स्वतः, बायको आणि दोन कामगार. नक्षी वडिलांच्या वेळची होती आणि त्याने ती आनंदाने दाखवली.

अडचण लेखकाने पहिल्याच बैठकीत सांगितली आणि नंतर लेखीही दिली. जर्सी पूर्व भागात होणार नाही. खेळाची जर्सी म्हणजे पॉलिस्टरचं विणकापड. त्यावर सब्लिमेशनने छपाई करतात, म्हणजे रंग आधी कागदावर छापून दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कापडात उतरवायचा. हा रंग पॉलिस्टरलाच धरतो, सुताला नाही. पूर्व भागातले माग सुती चादर नि टॉवेल विणतात, म्हणून जर्सीवर मोर काढून विणकराला एक रुपयाही मिळत नाही. रुपया मिळायचा तर तो टॉवेलमधून. प्रत्येक खेळाडूला विणलेला टॉवेल, पाहुण्यांच्या सत्काराला शालीऐवजी चादर, विजेत्यांना चषकाबरोबर चादर, माजी विद्यार्थ्यांसाठी विक्रीला टॉवेल. जर्सीने बघणाऱ्याचं लक्ष वेधायचं आणि पैसा मागावर वळवायचा, असा सगळा बेत.

समितीने माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही कलाकार माणसं. व्यवहार आमच्यावर सोडा."

असं म्हणणाऱ्याच्या हातून तो व्यवहार ताबडतोब काढून घ्यावा. पण काम देणारे ते, खरेदी समिती त्यांची, सही त्यांची.

मग घोषवाक्याचा घोळ. 'संघर्ष करणाऱ्या वस्तीच्या पाठीशी' अशी ओळ जर्सीच्या पाठीवर हवी, असा अध्यक्षांचा आग्रह. नमुना पाहून कारखानदाराने इतकंच विचारलं, "आम्ही काय भीक मागलालोय का, सर?" ओळ निघाली, पण ती काढायला तीन बैठका लागल्या आणि 'तुमच्या विणकरांना फार मान-अपमान आहेत' हेही ऐकावं लागलं. तुमच्या! जणू महाविद्यालय दुसऱ्या जिल्ह्यात होतं.

कारखानदाराने स्वतःच्या पैशाने नवी कार्डं कापून घेतली. जकार्डवर नक्षी बदलायची म्हणजे संगणकावर फाइल बदलल्यासारखं नसतं. आलेख काढा, कार्डं पाडा, माग थांबवा, नमुना विणा, रंग चुकला तर पुन्हा विणा. त्या वेळात मागावरचं नेहमीचं काम बंद. नमुन्याचा टॉवेल सुरेख झाला. छायाचित्रकार आला, कारखानदाराचे मागाजवळ उभे करून फोटो काढले, बायकोला 'जरा विडी वळताना दाखवा ना' म्हणाला. ती विड्या वळत नाही, कांड्या भरते. तरी सूप आणलं गेलं.

याच सुमारास, जून २०२५ मध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली. कोल्हापूरचं नावही न घेता. कोल्हापुरीलाही जीआय आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. गदारोळ झाला, कंपनीला भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. आपल्या समितीचे अध्यक्ष त्या आठवड्यात प्राडाच्या नावाने संदेशांतून रोज बोटं मोडत होते. गरीब कारागिराची नक्षी चोरून हे लोक गब्बर होतात, वगैरे. लेखकाने ते संदेश जपून ठेवले आहेत.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवशी मैदान मात्र देखणं दिसत होतं. धोट्याचं चिन्ह कमानीवर, मोर जर्सीच्या बाहीवर. प्रवेशद्वाराशी कारखानदाराचा माणसाहून उंच फोटो, खाली 'आमचा वारसा, आमचा अभिमान'. मध्यंतरात संघातली एक मुलगी तोंड पुसत बाहेर आली आणि वैतागून म्हणाली, "सर, हे घाम टिपतच नाही ओ." टॉवेल निळा, त्यावर पांढरा मोर, हुबेहूब तो नमुन्यातला. लेखकाने तो हातात घेतला आणि सवयीने उलटा केला.

पाठ कोरी होती.

गुळगुळीत, पांढरी, पॉलिस्टरची. मोराच्या पिसांवर विणीच्या पायऱ्या दिसत होत्या, म्हणजे चित्र नवं काढलेलंही नव्हतं. नमुन्याच्या टॉवेलचा फोटो काढून तोच छापला होता. जकार्डची नक्षी उंची-रुंदीत बारीक पायऱ्यापायऱ्यांनी वळते, त्या पायऱ्यासुद्धा छापल्या होत्या. शिवणीत लेबल कापल्याचं टोक राहिलं होतं. स्टेजवर पाहुण्यांना दिल्या त्या चादरीही चादरी नव्हत्या. प्लास्टिकच्या पिशवीतली फ्लीसची ब्लँकेटं, कोपऱ्यात धोटा छापलेली. ज्याचा फोटो दारात होता त्याला निमंत्रण नव्हतं. त्याला हे सगळं शेजारच्या मुलीच्या फोनवर दिसलं.

अध्यक्षांना तिथल्या तिथे विचारलं. उत्तरं एकामागून एक आली, आणि सगळी आधीपासून तयार असल्यासारखी. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. सर्वात कमी दर बाहेरच्या पुरवठादाराचा होता. लेखापरीक्षक काय म्हणतील? शिवाय कारखानदाराकडे जीएसटी क्रमांक नाही. शिवाय विणायला वेळ लागतो. शिवाय चिन्ह तर त्यांचंच आहे ना, वस्तीला प्रसिद्धी किती मिळाली बघा. आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून, "सर, तुम्ही फार मनाला लावून घेता."

खरं कारण काही आठवड्यांनी समजलं. महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात सातवा निकष असतो, संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम उपक्रम. त्यात महाविद्यालयाने आपले दोन उत्तम उपक्रम मांडायचे असतात. आपला धोटा त्यातला एक म्हणून आधीच लिहून झाला होता, फोटोंसकट. फोटोत टॉवेलची पुढचीच बाजू दिसते. उपक्रमाच्या बाजूने बोलायचं तर फोटो खरोखर चांगले आले आहेत.

असं फक्त सोलापुरात होतं असं नाही. जर्मनीत हॅम्बुर्गच्या बंदराजवळ सेंट पाउली नावाची वस्ती आहे आणि त्याच नावाचा फुटबॉल क्लब. १९८० च्या दशकात तिथल्या रिकाम्या घरांत घुसून राहिलेली, घरमालकांशी आणि पोलिसांशी भांडणारी मंडळी सामन्यांना कवटी-हाडांचा झेंडा घेऊन येऊ लागली. चिन्ह क्लबने दिलेलं नव्हतं, वस्तीने आणलं होतं. ते इतकं गाजलं की क्लबने ते आपलं केलं. पुढे पैशांची चणचण आली तेव्हा विक्रीच्या हक्कांतला मोठा वाटा एका व्यापारी कंपनीकडे गेला. जगभर कवटीचे टी-शर्ट खपत होते आणि त्यातला पैसा त्या कंपनीकडेही जात होता. हक्क परत विकत घ्यायला २०१५ चं वर्ष संपत आलं. त्यानंतर क्लबने स्वतःचा कपड्यांचा ब्रँडच काढला.

उलटा दाखला पूर्व लंडनच्या क्लॅप्टनचा. २०१८ मध्ये सभासदांनी मिळून स्वतःचा क्लब काढला आणि बाहेरच्या सामन्यांसाठी स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या लाल-पिवळ्या-जांभळ्या रंगांची जर्सी केली. स्पेनहून इतकी मागणी आली की अगदी खालच्या श्रेणीतल्या क्लबला हजारो जर्स्या पुरवाव्या लागल्या. क्लब सभासदांचाच, त्यामुळे नफा कुठे जाणार हा प्रश्न उद्भवला नाही. २०२० मध्ये त्यांनी जुनं स्पॉटेड डॉग मैदान विकत घेतलं. आपल्याकडे नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. तिथे आधी मुलं मैदानावर आली, नाव आणि चिन्ह मागाहून.

आता ज्यांना असं काम करायचं आहे त्यांच्यासाठी. चित्रकार असा, विद्यार्थी असा, की खरोखर भलं करू पाहणारे प्राध्यापक असा. तेही असतात, लेखकाला ते भेटले नाहीत इतकंच.

सगळ्यात मोठी खिंड तीन दरपत्रकांची. खरेदीचा नियम वाईट नाही, पण त्यात मागणी कशी लिहिता यावर सगळं ठरतं. 'मोराचं चित्र असलेला निळा टॉवेल' असं लिहिलं की छापणारा जिंकणार. मागणीत असं लिहून घ्या: शंभर टक्के सुती टेरी टॉवेल, जकार्डवर विणलेली नक्षी, नक्षी दोन्ही बाजूंनी दिसणारी, छपाई चालणार नाही, वजन अमुक ग्रॅम, पुरवठादार जीआयचा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता. मग तीन दरपत्रकं तीन विणकरांकडूनच येतील आणि त्यातलं स्वस्त कुठलंही निघालं तरी पैसा मागावरच जाईल. ही मागणी चित्र काढण्याआधी मंजूर करून घ्या. चित्र एकदा हातात पडलं की समितीला तुमची गरज उरत नाही. लेखकाने मजकूर दिला होता, पण तो मंजुरीला ठेवलाच गेला नाही, आणि ते कळलं टॉवेल उलटा केल्यावर.

जीएसटी क्रमांक नाही हे कारण ऐकून गप्प बसू नका. वस्तूंचा पुरवठा करणाऱ्या लहान कारखानदाराला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. साधं बिल चालतं. उद्यम नोंदणी मात्र जरूर करून घ्यायला सांगा. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे आणि तिच्यामुळे २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा लागू होतो. त्या कायद्याने खरेदीदाराने ठरल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. हे अध्यक्षांना भर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं. चेहरे बघण्यासारखे होतात. हाच कायदा उद्यम नोंदणी असलेल्या चित्रकारालाही लागू होतो. लेखकाच्या मानधनाचा उरलेला अर्धा भाग 'पुढच्या आर्थिक वर्षात' आहे, त्यामुळे त्याला ही कलमं आता तोंडपाठ आहेत.

नमुन्याचे पैसे आधी. कार्डं पाडायचा खर्च, थांबलेल्या मागाची मजुरी, सूत, सगळं. 'ऑर्डर मिळाली की त्यात वळते करू' याला हो म्हणू नका. चांगल्या माणसाच्या तोंडून आलं तरी.

बोधचिन्हाची मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नोकरीत नसलेल्या चित्रकाराने काढलेल्या चिन्हाचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सही केलेलाच दस्तऐवज लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरता जातो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 'पैसे दिले म्हणजे चिन्ह आमचं' असं महाविद्यालयाला वाटतं, तसं ते आपोआप होत नाही. हा दस्तऐवजच तुमच्या हातातली एकमेव वस्तू असते, ती फुकट सोडू नका. त्यात अट घाला की चिन्ह टॉवेल-चादरीवर वापरायचं तर विणलेल्यावरच. व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचं असेल तर कपड्यांचा वर्ग २५ आणि टॉवेल-चादरींचा वर्ग २४, असे दोन्ही घ्या. जर्सीचा वर्ग घेऊन टॉवेलचा विसरणं म्हणजे इथे तर मुद्दाच विसरणं. आणि अर्जदार म्हणून विणकरांच्या सहकारी संस्थेचं नाव घालता आलं तर उत्तम.

माणसांचे फोटो त्यांना विचारून, लेखी, आणि कशासाठी हे सांगून. सूप आणून विडी वळायला लावू नका. हे सांगावं लागतं यातच सगळं आलं.

विद्यार्थ्यांच्या हातात रोख रक्कम देऊ नका. तीन वर्षांत ते निघून जातात आणि हिशेब नवख्यांच्या गळ्यात पडतो. शक्यतो प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त घ्या. बोलून झालेल्या गोष्टी त्याच रात्री मेलने पाठवा. माणसं पारखून घ्या, असंही म्हणतात, पण अध्यक्ष पहिल्या भेटीत फार सज्जन वाटले होते, तेव्हा या सल्ल्याचा उपयोग कितपत आहे कोण जाणे.

चिन्हाचं पुढे काय झालं? स्नेहसंमेलनासाठी महाविद्यालयाला त्याची 'ओपन फाइल' हवी आहे. तसा निरोप आला, नेहमीप्रमाणे हात जोडलेल्या चित्रासकट. लेखकाने फाइल पाठवली नाही. हक्क हस्तांतरणाचा मसुदा, स्वतःचं थकलेलं बिल आणि कारखानदाराचं नमुन्याचं बिल, अशी तीन कागदपत्रं पाठवली. मसुद्यात चौथं कलम विणलेल्या टॉवेलचं आहे. कारखानदाराने स्वतंत्र पत्र देऊन स्वतःचा आणि बायकोचा फोटो अहवालातून आणि दारातून काढायला सांगितलं. दारातला काढला आहे. अहवालाबद्दल 'समितीपुढे ठेवतो' असं उत्तर आलं. नवी कार्डं कारखान्यातच आहेत. धोटा वगळून नुसत्या मोराचा टॉवेल त्याने बाजारात काढला, आणि त्याची पहिली गिऱ्हाइकं म्हणून त्याच खो-खोच्या मुली वर्गणी काढून आल्या. त्यांनी बिल मागून घेतलं.